सात शब्दांची पोच

"खिडकी मोठी करू नका, काकाजी!" म्हणत नूपुरने माझ्या हातावर चापट मारली.

माझं वय तेव्हा सत्तावन्न वर्षं आठ महिने. निवृत्तीला चार महिने उरलेल्या मुख्य लिपिकाला सव्वीस वर्षांच्या कंत्राटी केमिस्टने चापट मारावी, असा तो काळ आला होता.

"मला दिसत नाही एवढ्याशा चौकोनात," मी म्हणालो.

"नाही दिसलं तरी चालेल. खिडकी पूर्ण उघडली की आपल्या स्क्रीनचं माप समोरच्याला कळतं. मापावरून माणूस ओळखतात."

"शिंप्यासारखं?"

"शिंप्यासारखंच. आता गप बसा न, जी."

आम्ही जिल्ह्याच्या पाणी तपासणी प्रयोगशाळेच्या रेकॉर्ड रूममध्ये बसलो होतो. जिल्हा कोणता ते सांगत नाही. विदर्भात आहे आणि मे महिन्यात तापतो, एवढ्यावरून ओळखता आला तर ओळखा. रेकॉर्ड रूमला खिडकी नाही. तीन भिंतींना छतापर्यंत लाल फडक्यात बांधलेली दप्तरं, आणि चौथ्या भिंतीपलीकडे मंगल कार्यालय. त्या कार्यालयाच्या मालकाने वऱ्हाड्यांसाठी बिनपासवर्डचं वायफाय ठेवलं होतं, आणि ते भिंत ओलांडून फक्त या खोलीत येत असे. ऑफिसचं इंटरनेट वापरायचं नाही, स्वतःच्या मोबाइलचंही नाही, हा नूपुरचा पहिला नियम. म्हणून आम्ही सुट्टीच्या शनिवारी, भर दुपारी, दुसऱ्यांच्या लग्नात बिनबोलावता शिरलो होतो.

प्रकरण साधं होतं. तेंदूखेडीच्या नव्या नळयोजनेच्या विहिरीचं पाणी नूपुरने तपासलं. फ्लोराइड निघालं चार पूर्णांक दोन. दीडच्या वर गेलं की ते पाणी पिऊ नये. लहानपणापासून प्यायलं तर दात किडल्यासारखे तपकिरी होतात, पुढे गुडघे वाकतात. तिने अहवाल साहेबांच्या टेबलावर ठेवला. आमचे प्रमुख निंभोरकर साहेब. त्यांनी काही खोडलं नाही, काही फाडलं नाही. फक्त दशांशचिन्ह एक घर डावीकडे सरकवलं. शून्य पूर्णांक बेचाळीस. खाली सही. 'पाणी पिण्यास योग्य.' पंधरा दिवसांनी उद्घाटन होतं, आणि दोन गावं तेच पाणी पिणार होती.

नूपुर त्यांना विचारायला गेली तेव्हा ते प्रेमाने म्हणाले, "बेटा, तुझं कंत्राट अकरा महिन्यांचं न? दहावा चालू आहे."

मग ती माझ्याकडे आली. माझ्याकडेच का, हे मी तिला विचारलं नाही. गावात मी विनोदी लेखक म्हणून प्रसिद्ध नव्हतो. 'गुप्तेश्वर' प्रसिद्ध होता. आमच्या साप्ताहिकात बारा वर्षं 'चिमटे' नावाचं सदर तो लिहीत असे, त्यात आमच्या ऑफिसपासून नगराध्यक्षांपर्यंत सगळ्यांना चिमटे असत, आणि गुप्तेश्वर कोण हे कोणालाही ठाऊक नव्हतं. निदान मी तरी त्या समजुतीत होतो. निनावी कसं राहावं याची विद्या माझ्यापाशी आहे, असा माझा मला विश्वास होता.

नूपुरने तो पाच मिनिटांत घालवला.

"डार्क वेब म्हणजे तिथे बंदुका विकतात ना?" मी विचारलं होतं.

"बाजारात दारूचं दुकान असते म्हणून तुम्ही भाजी आणायला जात नाही का? हे बघा, मुंबईच्या एका बातमीवाल्यांनी तिथे पेटी ठेवली आहे. कागद टाकायचा, निघून यायचं. टाकणारा कोण हे त्यांनासुद्धा कळत नाही. आपलं पाकीट दुसऱ्या पाकिटात, ते तिसऱ्यात. पहिल्या पोस्टमनला फक्त दुसऱ्याचं घर माहीत, दुसऱ्याला तिसऱ्याचं. पूर्ण पत्ता कोणालाच माहीत नाही."

"म्हणजे आपल्या खात्यासारखंच."

ती हसली नाही. तिने लॅपटॉपच्या कॅमेऱ्यावर चिकटपट्टी लावली. एका पेन ड्राइव्हवरून लॅपटॉप सुरू केला. बंद केला की तो सगळं विसरतो म्हणाली. माझ्या मनात आमच्या दोन-तीन अधिकाऱ्यांची नावं आली. कागदाचा फोटो काढायचा नाही, फोटोत जागा आणि वेळ लपलेली असते. प्रिंटर वापरायचा नाही. पत्र नव्याने टाइप करायचं. मजकूर मात्र मी लिहून द्यायचा, कारण खात्याची भाषा तिला येत नव्हती.

मी बसून पॅडवर लिहून दिला. "विषय: मौजे तेंदूखेडी येथील विहिरीत फ्लोराइड ४.२ असलेबाबत. संदर्भ: प्रयोगशाळा नोंदवही, पान ८८." तिने पान फाडून घेतलं आणि खालचं निळं पान पाहून थबकली.

"काकाजी, हे काय आहे?"

"स्थळप्रत. दप्तरी ठेवायची."

"निनावी पत्राची स्थळप्रत?"

"अगं, मुद्दाम नाही. कार्बन हात आपोआप लावतो."

मजकूर टाइप होताच तिने दोन्ही पानांचे इतके बारीक तुकडे केले की ते पलीकडच्या नवरा-नवरीवर अक्षता म्हणून टाकता आले असते. खरं तर मी कार्बन दोन लावले होते. एक प्रत स्थळप्रत, एक माहितीस्तव. तिसरं पान पॅडमध्येच राहिलं होतं. हे मला आठवलं, पण तिचा चेहरा पाहून मी ते नंतर फाडू असं ठरवलं. बत्तीस वर्षांच्या नोकरीत मी 'नंतर' ठरवलेलं एकही काम झालेलं नाही.

पलीकडे मंगलाष्टकं सुरू झाली. नूपुर त्या पेटीचा लांबलचक पत्ता एकेक अक्षर जुळवत टाइप करत होती. तेवढ्यात बाहेर चपला वाजल्या आणि आमच्या दाराला बाहेरून कडी लागली. खट्ट.

आम्ही एकमेकांकडे पाहिलं.

"साहेब, तुमी?" बाहेर पंचफुलाबाईंचा आवाज. आमच्या जावक लिपिका पंचफुलाबाई रामटेके. ऑफिसच्या किल्ल्या त्यांच्याकडे असत, म्हणून आज त्यांना बोलवावं लागलं होतं. नूपुरच्या परीक्षेचा फॉर्म भरायचा आहे, अशी थाप आम्ही मारली होती. त्यांनी काही विचारलं नव्हतं. त्या विचारत नसत. तोंडावर पदर धरून त्या वहीत मान घालून बसत, आणि त्या टेबलावर गेलेल्या कागदाला नंबर पडल्याशिवाय तो कागद इमारतीबाहेर जात नसे.

"लग्नाला आलो होतो," निंभोरकर साहेबांचा आवाज आला. "तिथे पंखे बंद आहेत. म्हटलं इथे बसून जेवावं. ताट इकडेच सांगितलं आहे. तुम्ही आज कशा?"

"वह्या शिवाच्या राह्यल्या होत्या, साहेब."

साहेब आमच्या दाराशेजारच्याच खुर्चीवर बसले. खुर्ची करकरली ती आमच्या कानात करकरली. आमच्यात आणि त्यांच्यात एक फळी. आत उकाडा इतका की माझा चष्मा नाकावरून घसरत होता, आणि तो वर सरकवायलाही मला धीर होत नव्हता. नूपुरने ओठ हलवून विचारलं, "आता?" मी ओठ हलवून म्हणालो, "आता काय!" संवाद एवढाच झाला, पण तो बराच वेळ चालला.

वाढप्याने ताट आणलं. साहेब जेवू लागले. मठ्ठ्याचे भुरके मोजण्यावाचून मला काही काम नव्हतं. सातव्या भुरक्याला माझ्या कोपराने एक दप्तर पाडलं.

"आत कोण आहे, बाई?"

माझ्या डोळ्यांसमोर एकाच वेळी माझी निवृत्ती आणि नूपुरचा दहावा महिना उभा राहिला.

"उंदरं आहेत, साहेब," पंचफुलाबाई म्हणाल्या. "दोन हाये."

"औषध ठेवा ना."

"ठेवलं. एक म्हातारं हाये, ते खातच नाही."

साहेब हसले आणि त्यांनी जिलबी मागवली. नूपुरच्या डोळ्यांत पाणी होतं, पण ते हसू होतं की भीती, हे मला आजही सांगता येणार नाही. तिने बोट कळीवर ठेवलं. पलीकडे भटजींनी गळा काढला, "शुभमंगल सावधान!" आणि तिने बोट दाबलं.

चौकोनात सात इंग्रजी शब्द उमटले.

"ही आपली पोच," ती माझ्या कानाशी पुटपुटली. "पाठ करा. कुठे लिहायची नाही. हे शब्द परत टाकले की त्यांचं उत्तर आपल्याला वाचता येईल."

ब्लँकेट, शिडी, उंट, तुरटी, अशा अर्थाचे काहीबाही शब्द होते. एकाचा दुसऱ्याशी संबंध नाही. मी ते व्यंकटेशस्तोत्रासारखे ओठांत घोळवत बसलो. साहेब आचवून गेले तेव्हा कडी निघाली. पंचफुलाबाई दारात उभ्या, पदर तोंडावर.

"भरला का फॉर्म?"

"भरला," मी म्हणालो.

"पोच भेटली?"

"भेटली," मी सवयीने म्हणालो, आणि शब्द विसरू नयेत म्हणून जिना उतरताना ते मोठ्याने म्हणत गेलो.

अकराव्या दिवशी बातमी आली. आमचं पत्र जसंच्या तसं, 'असलेबाबत'सह. बाराव्या दिवशी उपसंचालक मॅडम येणार म्हणून निरोप आला. तेराव्या दिवशी सकाळी साहेबांनी मुख्य दाराला आतून कुलूप घातलं, सगळ्यांचे मोबाइल एका बादलीत जमा केले आणि प्रत्येकाच्या डोळ्यांत पाहत एक फेरी मारली. नूपुर परीक्षानळ्या धूत होती. एकच नळी ती बराच वेळ धूत होती.

साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावलं. "टेंभेकर, बसा. मसुदा घ्या. तुमच्याइतकं गोड कोणी लिहीत नाही."

मी पेन उघडलं.

"लिहा. सदर पत्रावर प्रेषकाचे नाव नाही, सही नाही, जावक क्रमांक नाही. सबब सदर पत्र निनावी असून, नियमानुसार निनावी अर्जांची दखल घेण्यात येत नाही. प्रकरण दप्तरी दाखल करण्यात यावे." ते मागे रेलले. "कसं?"

"नेमकं, साहेब."

नेमकंच होतं. चिकटपट्टी, पेन ड्राइव्ह, तीन पाकिटं, तीन पोस्टमन. आम्ही आमचं नाव इतकं उत्तम पुसलं होतं की आता ते पत्र कोणाचंच नव्हतं. आणि आमच्या खात्यात जे कोणाचंच नसतं त्याची जागा लाल फडक्यात. माझंच पत्र मारणारं पत्र मी माझ्याच अक्षरात लिहीत होतो, शुद्धलेखन सांभाळून. 'मीच लिहिलं ते' एवढे तीन शब्द म्हटले असते तर पत्र जिवंत झालं असतं. मी तोंड उघडलंदेखील. आणि विचारलं, "साहेब, 'सबब' की 'त्याअर्थी'?"

"सबब," साहेब म्हणाले. "आणि ती पोरगी. तिचं नूतनीकरण मी थांबवतोय. पुरावा लागत नाही त्याला."

तेवढ्यात मॅडम आल्या. उंच, पांढरे केस, हातात स्वतःची पाण्याची बाटली. आमच्या प्रयोगशाळेत स्वतःचं पाणी घेऊन येणारा अधिकारी मी प्रथमच पाहत होतो. त्यांनी मसुदा वाचला.

"निनावी म्हणता?"

"पूर्णपणे, मॅडम. कोणा विघ्नसंतोषी माणसाने इंटरनेटच्या अंधारातून फेकलेला दगड आहे."

"ठीक. याला क्रमांक घाला, मी सोबत नेते."

जावक नोंदवही घेऊन पंचफुलाबाई आत आल्या. त्यांनी ती साहेबांसमोर ठेवली नाही. मॅडमसमोर ठेवली. उघडली तीही आजच्या पानावर नाही. एका ओळीवर बोट ठेवून त्या उभ्या राहिल्या.

मॅडमनी चष्मा लावून वाचलं. मोठ्याने.

"जावक क्रमांक एक हजार एकशे सतरा. कोणास: संपादक, मुंबई. विषय: मौजे तेंदूखेडी येथील विहिरीत फ्लोराइड चार पूर्णांक दोन असलेबाबत. मार्ग: कांप्युटर. स्थळप्रत: जोडली." पानाला माझं तिसरं निळं पान टाचणीने लावलेलं होतं. मला माझं अक्षर दुरून दिसत होतं. "पोच..." मॅडम थांबल्या. "पोच: ब्लँकेट, लॅडर, कॅमल... हे काय आहे?"

मॅडमनी वहीतून मान वर केली.

"नोंद कोणाची?"

"माझी," पंचफुलाबाई म्हणाल्या. "सही हाये न खाली. पुरं नाव लिवलं."

मॅडम साहेबांकडे वळल्या. "निंभोरकर, हे पत्र तर तुमच्या कार्यालयातून गेलं आहे. रीतसर. तुम्हाला न विचारता गेलं का? तसं असेल तर मला पान अठ्ठ्याऐंशी बघावं लागेल. आणि तुमचा सही केलेला अहवालही."

निंभोरकर साहेबांच्या चेहऱ्यावर तेव्हा जे चाललं होतं त्यावर मी पुढे कधीच लिहू शकलो नाही. ते माझ्या ताकदीबाहेरचं होतं. एक दार बंद, दुसरं बंद, तिसऱ्याला बाहेरून कडी. तीन सेकंद. फार तर चार. माणूस एवढ्या वेळात जन्म बदलू शकतो.

"मला न विचारता?" ते म्हणाले. "छे, छे, मॅडम. मीच पाठवायला सांगितलं. टंकनात दशांशचिन्ह चुकल्याचं लक्षात आलं, उद्घाटन तोंडावर, वरिष्ठांपर्यंत कागद पोचेतो मुलं पाणी पितील. म्हणून थेट. टेंभेकरांनी मसुदा केला. काय, टेंभेकर?"

"हो, साहेब."

"आणि हे सात शब्द?"

"सांकेतिक पोच आहे, मॅडम. आधुनिक पद्धत."

मॅडमनी बाटलीतल्या पाण्याचा एक घोट घेतला. त्यांना सगळं कळलं होतं असं मला वाटतं. "उत्तम," त्या म्हणाल्या. "मग हेच लेखी द्या. आत्ता. विहीर बंद करायची मागणी तुमच्याच सहीने. आणि ज्या केमिस्टने तपासणी केली तिचं नाव त्यात घाला."

मी मसुदा उलटा करून पाठीमागे लिहायला घेतला.

विहीर बंद झाली. तेंदूखेडीला दुसऱ्या टेकडीवरून पाणी आणलं. नूपुरचं कंत्राट वाढलं. अहवालात नाव आलेल्या माणसाला काढणं आता साहेबांना परवडणारं नव्हतं. पंधरा ऑगस्टला निंभोरकर साहेबांचा निर्भीड अधिकारी म्हणून सत्कार झाला. मानपत्र मी लिहिलं. 'सत्याची चाड' हा शब्दप्रयोग त्यात दोनदा आहे. ते वाचून दाखवलंही मीच, आणि साहेबांच्या डोळ्यांत पाणी आलं. खोटं नव्हतं ते. तोवर त्यांची स्वतःची खात्री पटली होती.

त्या महिन्याच्या अखेरीस मी निवृत्त झालो. शेवटच्या दिवशी, सगळे गेल्यावर, मी पंचफुलाबाईंच्या टेबलाशी खुर्ची ओढली.

"बाई, तुम्ही घोळ घातला होता तो. सुटलो म्हणून बरं. निनावी पत्राला कोणी नंबर घालतं का?"

त्या सुई-दोऱ्याने वही शिवत होत्या. "बडेबाबू, निनावी पत्राचं आपल्या हापिसात काय होते, तुमाले माहीत नाही? बत्तीस वर्षं मीच तर ते बांधून ठेवत आली. फडक्यात. नंबर पडला की उत्तर द्यावं लागते."

"पण सही तुमची होती. नोकरी गेली असती."

"कोनाची तरी पायजे होती न. तुमी दोघं तर कडीच्या आत होते."

त्यांनी दोरा तोडायला तोंडाशी नेला आणि पदर सरकला. तपकिरी, चिरा पडलेले दात. वीस वर्षं समोर बसून मी ते पाहत होतो. गुप्तेश्वराने त्यावर एकदा फर्मास चिमटाही काढला होता: आमच्या जावक विभागाचं हसू पदराआड असतं, कारण पदर काढला तर तंबाखू-सुपारीच्या खर्ऱ्याचा पंचनामा करावा लागेल. गाव आठवडाभर हसलं होतं.

"तुमचं माहेर कुठलं, बाई?" मी विचारलं. वीस वर्षांत पहिल्यांदा.

"तेंदूखेडी," त्या म्हणाल्या. "त्या नव्या विहिरीच्या बाजूलेच आमची जुनी विहीर व्हती."

मला घाम आला. रेकॉर्ड रूममध्येही आला नव्हता इतका. त्या उठल्या, कपाटातून एक जुनी नोंदवही काढली, माझ्यासमोर ठेवली आणि किल्ल्या घेऊन दारं लावायला गेल्या.

दर मंगळवारी मी एक बंद पाकीट, नाव न घालता, 'खाजगी' म्हणून ऑफिसच्या स्थानिक डाकेत सरकवत असे. साप्ताहिकाच्या कार्यालयाकडे. बारा वर्षं. कोणाला कळणार?

ओळीमागून ओळ होती. प्रत्येक मंगळवार. 'प्रेषक: टेंभेकर बडेबाबू. कोणास: साप्ताहिक. विषय: चिमटे.' एकही चुकलेला नव्हता. मी तो खर्ऱ्याच्या चिमट्याचा आठवडा शोधला. नोंद तशीच होती, तेच निगुतीचं अक्षर, पुढे जावक क्रमांक. फक्त शेवटच्या रकान्यात, बाकी सगळ्या ओळींना जो रिकामा होता त्यात, वेगळ्या शाईने नंतर काही लिहिलं होतं.

शेरा: खर्रा खात नाही. खाली सही. पूर्ण नावानिशी.